मोबाइल काढून घेतल्याने काय साधते?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय काहीजणींना दूरचा वाटेल. युरोपातल्या शाळांमधली मुले-मुली देशोदेशीच्या वर्गांशी जोडून घेऊन सोशल मीडियाचा अभ्यास कसा करतात, ते मी मांडणार आहे. वस्तीत आणि खेड्यात काम करणाऱ्या आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध असा, की 'मुलीच्या हातात मोबाइल द्यावा की नाही' हा प्रश्न आपल्या जवळजवळ प्रत्येक बैठकीत निघतो. या प्रश्नाकडे बघण्याची वेगळी रीत मला त्या कामात दिसली.

युरोपीय आयोगाने २००५ साली 'ई-ट्विनिंग' नावाची योजना सुरू केली. मूळ कल्पना साधी आहे. दोन किंवा अधिक देशांतल्या शिक्षकांनी मिळून एक विषय ठरवायचा आणि त्यांच्या वर्गांनी तो एकत्र अभ्यासायचा. त्यासाठी परदेशी जावे लागत नाही. इंटरनेटवर त्यांना एक बंदिस्त जागा मिळते, तिथे त्या प्रकल्पातले विद्यार्थी आणि शिक्षक भेटतात. २०१४ पासून ही योजना 'इरॅस्मस प्लस' या मोठ्या कार्यक्रमाचा भाग झाली. २०१६ साली तिचा वार्षिक विषय डिजिटल नागरिकत्व हा होता, तर २०२१ साली माध्यम-साक्षरता आणि खोटी माहिती.

अशा प्रकल्पात साधारण काय होते? मुले आधी प्रश्नावली तयार करतात. दिवसाचे किती तास मोबाइलवर जातात? अनोळखी माणसांचे निरोप येतात का? कुणी फोटोवरून चिडवले का? त्रास झाला तर कुणाला सांगता? हे प्रश्न प्रत्येकजण आपापल्या शाळेत विचारतो. मग सगळ्या देशांची उत्तरे शेजारीशेजारी मांडली जातात. पुढे मिश्र गट पडतात. एक गट खासगीपणाच्या सोयी तपासतो, एक गट खोट्या बातमीचा माग काढतो, एक गट वापराचे नियम लिहितो. शेवटी भित्तिपत्रक, छोटी फिल्म किंवा मुलांनीच केलेली सनद असे काहीतरी तयार होते.

यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट सांगते. इथे सुरुवात 'तू चुकलीस' अशी होत नाही. मुलगी आरोपीच्या जागी नसते, ती अभ्यास करणारी असते. दुसऱ्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या मुलीचे उत्तर आपल्यासारखेच आहे हे दिसले, की 'हे माझ्या एकटीच्या बाबतीतच घडते' ही समजूत गळून पडते. आपल्याला ही पद्धत नवी आहे का? सत्तर-ऐंशीच्या दशकात बायकांचे जाणीवजागृतीचे गट हेच करत होते. घरातल्या मारहाणीबद्दल एक बोलली की दुसरी बोलायची, आणि खासगी वाटणारे दुःख सामाजिक प्रश्न म्हणून उभे राहायचे.

आता आपल्याकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातल्या १०० पैकी ३३ स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांमध्ये हे प्रमाण १०० पैकी ५७ होते. पुष्कळ घरांत भावाचा मोबाइल भावाचा असतो आणि मुलीचा मोबाइल साऱ्या घराचा असतो. तिने मागायचा, वापरून परत करायचा, आणि काय पाहिले ते सांगायचे.

माझ्या कामात आलेली एक नववीतली मुलगी. तिच्या चेहऱ्याला दुसऱ्याच शरीराचे चित्र जोडून कुणीतरी ते गावातल्या मुलांच्या गटात फिरवले. घरच्यांनी तिचा मोबाइल काढून घेतला, मग शाळा थांबवली, मग स्थळे पाहायला सुरुवात केली. चित्र करणारा मुलगा शाळेत जातच होता. तिने दोन महिने कुणाला काही सांगितले नव्हते, कारण सांगितल्यावर काय होईल हे तिला पक्के ठाऊक होते. धमकावणाऱ्याचे बळ तंत्रज्ञानात कमी आणि या भीतीत जास्त असते. ती भीती त्याने निर्माण केलेली नाही, ती आपल्या घरांनी तयार करून ठेवली आहे.

आणि मुलगी नुसते मत मांडते तेव्हा? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. एकीने तो लिहिला होता, दुसरीने फक्त पसंती दर्शवली होती. त्यानंतर कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६ अ रद्द झाले. सोशल मीडियाचे शिक्षण म्हणजे नुसती सावधगिरी नव्हे, बोलण्याचा हक्कही त्यात येतो.

शाळांमधल्या उपक्रमांची मर्यादाही इथेच आहे. 'काळजी कशी घ्यावी' यावर ते पुष्कळदा थांबतात. काळजी नेहमी तिनेच का घ्यायची? पुढे पाठवणाऱ्या मुलांना कोण प्रश्न विचारणार? कंपनीला कोण विचारणार? शरीराबद्दल आधीच कमीपणा वाटणाऱ्या किशोरींपैकी दर तिघींपैकी एकीला इन्स्टाग्राममुळे ते अधिक वाईट वाटते, असे त्या कंपनीच्या स्वतःच्या पाहणीत आढळले होते. जगाला ते कळले २०२१ मध्ये, कागद बाहेर फुटल्यावर. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या खात्यांना बंदी केली. त्यावर वाद होऊ शकतो. पण ती बंदी मुलगा-मुलगी दोघांना आहे आणि जबाबदारी कंपनीवर आहे. आपल्या घरातली बंदी फक्त मुलीवर असते.

मग आपण काय करायचे? दोन गावांच्या किशोरी-गटांनी हाच उपक्रम कागदावर करावा. प्रश्नावली मुलींनीच लिहावी, नावे न घालता भरावी, आणि दोन्ही गावांची उत्तरे एकत्र बसून वाचावीत. मुलग्यांचा गटही घ्या. त्यांना विचारा, असे चित्र आले तर तू काय केलेस? आयांची बैठक वेगळी घ्या आणि एकच ठराव करा : मुलीने त्रास सांगितला तर तिचा मोबाइल आणि तिची शाळा बंद होणार नाही.

कायद्याची माहिती सोबत द्या. खासगी क्षणाचे चित्र तिने स्वतः काढू दिले असले, तरी ते पसरवायला तिची संमती नसेल तर पसरवणे गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ तसे स्पष्ट सांगते. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर २०१२ चा पोक्सो कायदाही लागू होतो. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ प्रत्येक गटाच्या भिंतीवर लिहा.

१९९५ साली बीजिंगच्या कृती-आराखड्यात जी बारा कळीची क्षेत्रे ठरली, त्यांत 'स्त्रिया आणि प्रसारमाध्यमे' हे एक होते. तेव्हा आपण जाहिराती आणि सिनेमाच्या फलकांबद्दल बोलत होतो. आता ते माध्यम मुलीच्या तळहातावर आले आहे. ते तिच्याकडून काढून घेणे सोपे आहे. तिला त्याच्याबद्दल प्रश्न विचारायला शिकवणे, आणि तिने विचारल्यावर तिच्या बाजूला उभे राहणे, हे आपले काम आहे.