जुना कॅमेरा आणि त्याची नवी आवृत्ति

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत, गोठणगांवानजीक, गाढवी नदीचें पाणी अडवून इटियाडोहाचें धरण उभें केलेलें आहे. सभोंवार जंगल, मध्यें विस्तीर्ण जलाशय आणि खालच्या अंगास धानाच्या बांध्या, असा तो मुलूख आहे. पावसाळ्याच्या आरंभीं तेथें पहांटे जाणाऱ्या मनुष्यास पाण्यावर उतरणारें कोंवळें ऊन दिसतें, रोवणीसाठीं चिखलांत उतरलेल्या स्त्रिया दिसतात, आणि दैव अनुकूल असेल तर त्या परिसरांत सारसांचें एखादें जोडपेंहि दिसतें. जवळ कॅमेरा असलेला मनुष्य अशा ठिकाणीं थांबल्यावांचून राहत नाहीं.

समजा, अशा एका पहांटे एक छायाचित्रकार जलाशयाच्या कांठीं उभा आहे आणि त्याच्या गळ्यांत दोन कॅमेरे आहेत. दोहोंचें नांव एकच, लायका एम-सिक्स, आकार एकच, आंत घातलेली फिल्महि एकच. पहिला त्याच्या वडिलांनीं वापरलेला, १९८४ सालीं निघालेल्या मूळ घडणीचा. दुसरा, त्याच कारखानदारांनीं २० वर्षांच्या खंडानंतर, २०२२ सालीं, पुन्हां काढलेल्या नव्या आवृत्तीचा. नवा हा जुन्याच्या तोडीचा आहे काय?

हा प्रश्न नुसत्या हौशी वादाचा नाहीं. नवी आवृत्ति बाजारांत आली तेव्हां अमेरिकेंत तिची किंमत ५,००० डॉलरांहून अधिक होती, आणि तींत भिंगाचा समावेश नव्हता. ज्या घरांत वडिलांचा कॅमेरा कपाटांत पडून आहे, त्या घरानें तो दुरुस्त करून घ्यावा, कीं एवढी रक्कम खर्चून नवा आणावा, हें विचारपूर्वक ठरविणें प्राप्त आहे.

त्यासाठीं प्रथम हें यंत्र कसें चालतें तें पाहिलें पाहिजे. रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक. कॅमेऱ्याच्या कपाळावर एकमेकींपासून कांहीं अंतरावर दोन खिडक्या असतात. एकींतून डोळा सरळ समोर पाहतो. दुसरींतून आलेली प्रतिमा आंतल्या आरशांच्या योगें पहिलीच्या मधोमध येऊन मिसळते. भिंगाचें कडें फिरविलें कीं ही दुसरी प्रतिमा सरकूं लागते, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या म्हणजे अंतर साधलें. माणसाचे दोन डोळे ज्या रीतीनें दूर-जवळ ओळखतात, तीच ही रीत. यांत वर उडणारा आरसा नसल्यामुळें आवाज अल्प होतो, आणि चित्र घेण्याच्या क्षणींहि दृश्य डोळ्यांपुढून नाहींसें होत नाहीं.

ऑस्कर बार्नाक यानें रचलेला लायका १९२५ सालीं बाजारांत आला. भिंगाशीं जोडलेला अंतरमापक त्यास १९३२ सालीं मिळाला. १९५४ सालच्या एम-थ्री कॅमेऱ्यानें भिंग बसविण्याची जी नवी खांच आणली, ती पुढें बदलली नाहीं; म्हणून त्या काळचें भिंग २०२२ सालच्या कॅमेऱ्यावरहि चढतें. एवढें सातत्य असतां 'नवी आवृत्ति' हा शब्दच थोडा फसवा ठरतो. घराणें तेंच आहे. मध्यंतरीं एक पिढी दिसेनाशी झाली होती, इतकेंच.

जपानांत हा खंड फार मोठा होता. निकॉन कंपनीनें १९५८ सालचा आपला एस-थ्री कॅमेरा २००० सालीं पुन्हां काढला, आणि १९५७ सालचा एस-पी २००५ सालीं. पहिल्याच्या रुपेरी आवृत्तीच्या ८,००० प्रती निघाल्या, दुसऱ्याच्या अवघ्या २,५००. मधल्या ४०-५० वर्षांत तीं यंत्रें जुळविणारे हात निवृत्त झाले होते. जुने नकाशे काढून आणि मूळ कॅमेरे खोलून पाहून तें कसब नव्या कारागिरांना पुन्हां शिकावें लागलें. नकाशा कागदावर टिकतो. परंतु स्क्रू किती आवळावा आणि दांता कोठें किंचित् घासावा, हें हाताला ठाऊक असतें. अशा आवृत्तीचें खरें मोल म्हणूनच केवळ विक्रींत नसून विद्या जतन करण्यांत आहे.

आतां पुन्हां इटियाडोहाच्या कांठीं यावें. छायाचित्रकारानें दोन्ही कॅमेऱ्यांवर एकच भिंग आळीपाळीनें चढवावें. छिद्र व शटरचा वेग तोच ठेवावा. दोन्ही फिल्मा एकाच रसायनांत धुवाव्या. छापील चित्रें शेजारीं शेजारीं मांडलीं तर कोणतें कोणत्या कॅमेऱ्याचें, हें कोणालाहि सांगतां येणार नाहीं. कारण उघड आहे. चित्र घडवितात भिंग, फिल्म आणि प्रकाश. कॅमेऱ्याचें धड फिल्म सपाट धरतें, बाहेरचा उजेड अडवितें आणि पडदा नेमका तितकाच वेळ उघडतें. एका सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेग देणारा रबरी कापडाचा आडवा पडदा दोहोंत सारखाच आहे, आणि तो चालण्यास बॅटरी लागत नाहीं. जुन्या कॅमेऱ्याचीं चित्रें अधिक 'जिवंत' असतात हा समज पुष्कळदां जुन्या भिंगाचा गुण त्याच्या धडास चिकटविल्यामुळें होतो.

फरक आहे तो चित्र घेणाऱ्याच्या सोयींत. मूळ एम-सिक्सला एक खोड होती. प्रकाश समोरून किंवा तिरपा आला म्हणजे अंतरमापकाचा मधला चौकोन पांढराफटक होई, आणि प्रतिमा जुळवितां येत नसत. पाण्यावर सूर्य चकाकत असतां नेमका हाच प्रसंग ओढवतो. २००३ सालच्या एम-पी कॅमेऱ्यांत हा दोष दूर करण्यांत आला, आणि नव्या एम-सिक्सला तोच सुधारलेला दर्शक मिळाला. जुन्याचें वरचें झांकण जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचें होतें. त्यावरील लेपाखालीं कालांतरानें फोड येतात. नव्याचें झांकण पितळ कोरून केलेलें आहे. प्रकाशमापकाच्या दोन बाणांच्या जोडीस नव्यांत एक ठिपका आला आहे, त्यामुळें योग्य प्रकाश चटकन् कळतो. शिवाय जुन्यांतील प्रकाशमापकाची विद्युत्-पट्टी जळाली तर सुटा भाग मिळणें दुर्घट असतें. या सर्व बाबतींत नवा सरस आहे, हें मान्य केलें पाहिजे.

भिंगांच्या बाबतींतहि असाच अनुभव येतो. १९६६ सालच्या नॉक्टिलक्स भिंगाचे दोन अगोल पृष्ठभाग कारागीर हातानें घांसून सिद्ध करीत; त्यांत कित्येक भिंगें वायां जात, म्हणून थोडींच बनलीं. २०२१ सालीं तें पुन्हां काढलें तेव्हां मूळची ठेवण राखून घडण मात्र आधुनिक यंत्रांवर केली. येथें हाताची जागा यंत्रानें घेतली म्हणून गुण उणावला असें म्हणतां येत नाहीं. उलट एक भिंग दुसऱ्यासारखें निघूं लागलें.

परंतु कांहीं उणीवा दोन्ही कॅमेऱ्यांत समान आहेत. भिंगामागें आरसा नसल्यामुळें झांकण न लावतां कॅमेरा सूर्यासमोर ठेवला, तर भिंग आगकांचेप्रमाणें किरण एकवटतें आणि कापडी पडद्यास बारीक भोंक पडतें. मग प्रत्येक चित्रावर पांढरा डाग उमटूं लागतो. पावसाळ्यांत चामडी पेटींत कोंडलेल्या भिंगावर बुरशी धरते; ती नवें-जुनें पाहत नाहीं. आणि सारसाचें म्हणाल, तर एम-सिक्सच्या दर्शकांत १३५ मिलिमीटरांच्या पलीकडची चौकट नाहीं. माणसाएवढा उंच असा तो पक्षी दुरून ठिपक्याएवढा येणार, आणि जवळ जावें तर जोडपें बिथरून घरटें टाकून जाण्याचें भय. म्हणून असा कॅमेरा असणारानें पक्ष्याचा पाठलाग न करतां सारी बांधी चौकटींत घ्यावी: वांकलेला शेतकरी, पाण्याचा आरसा आणि दूरवर उभें असलेलें तें जोडपें. गोंदियाचा सारस शेतकऱ्यांच्या सौजन्यावर तगून आहे; तें नातें अशा चित्रांत येतें.

जें परत आणतां आलें नाहीं तें निराळेंच आहे. १९३५ सालीं निघालेली कोडाक्रोम फिल्म २००९ सालीं बंद झाली, आणि ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा २०१० सालीं थांबली. आपल्याकडे १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा उटकमंडचा कारखाना 'इंदु' नांवाची फिल्म काढी. तोहि बंद पडला. ज्या फिल्मांवर जुन्या कॅमेऱ्यांनीं कीर्ति मिळविली, त्यांतील कित्येक आज नाहींत. कॅमेऱ्याची आवृत्ति निघूं शकते. त्याच्या भोंवतालचा सारा संसार पुन्हां मांडणें कठीण.

तेव्हां निर्णय असा करावा. घरांत मूळ कॅमेरा असेल आणि त्याचा पडदा शाबूत असेल, तर जाणत्या कारागिराकडून तो साफ करून, वेग तपासून घ्यावा आणि एक फिल्म त्यांतून काढून पाहावी. प्रकाशमापक बंद असला तरी हातांतल्या मापकानें काम भागतें. वांचलेल्या पैशांत पुष्कळ फिल्म येईल. घरांत असा कॅमेरा नसेल, आणि पूर्वेतिहास ठाऊक नसलेला जुना कॅमेरा संग्राहकांनीं चढविलेल्या भावानें घेण्याची वेळ येईल, तर नवा घेण्यांत कमीपणा नाहीं. चित्राच्या बाबतींत तो मुळाच्या बरोबरीचा आहे.

इटियाडोहाच्या त्या दोन चित्रांत भेद सांगणारी एकच गोष्ट असूं शकेल: पाठीवर पेन्सिलीनें लिहिलेली नोंद. तेथेंहि कॅमेऱ्याचें नांव लिहिण्याआधीं गांवाचें नांव, तारीख आणि बांधींत वांकलेल्या शेतकऱ्याचें नांव लिहिलेलें बरें. पन्नास वर्षांनीं घरच्या मंडळींना तेंच विचारावेंसें वाटेल.