उंदराच्या पाठीतला पंप



बाप्पासमोर बोलायचे म्हटले की आम्हाला आधी त्याच्या पायाशी बसलेला उंदीर आठवतो. कारण आम्ही सरकारी प्राणिगृहातले तंत्रज्ञ. प्रयोगाच्या पांढऱ्या उंदरांना दाणा-पाणी देणे, पिंजरे स्वच्छ करणे, इंजेक्शन देणे हे आमचे रोजचे काम.

काही औषधे शरीरातून थोड्याच तासांत निघून जातात. त्यांचा परिणाम महिनाभर पाहायचा तर दर सहा तासांनी सुई टोचावी लागते. दिवसाला 4, म्हणजे 28 दिवसांत 112. रात्री दोनला उठून आम्ही ती टोचली आहे. चार-पाच दिवसांनी पिंजऱ्याचे झाकण वाजले तरी उंदीर कोपऱ्यात दबून बसायचे. घाबरलेल्या जनावराच्या रक्तात ताणाची संप्रेरके वाढतात, त्यामुळे निष्कर्षही बिघडू शकतो. शिवाय सुईनंतर औषधाचे प्रमाण एकदम चढते आणि पुढच्या सुईपर्यंत उतरते.

यावर एक उपाय म्हणजे ऑस्मॉटिक पंप. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या अल्झा कंपनीने तो तयार केला. आकार कॅप्सूलसारखा, लांबी सुमारे 3 सेंटिमीटर. ना बॅटरी, ना तार. बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो, तेच तत्त्व. बाहेरच्या आवरणातून फक्त पाणी आत शिरते. त्याच्या आत मिठाचा थर आणि मधोमध औषधाची लवचीक पिशवी. शरीरातले पाणी मिठाकडे ओढले जाते, थर फुगून पिशवी दाबतो आणि औषध बारीक नळीतून बाहेर पडते. 28 दिवसांच्या पंपातून तासाला 0.25 मायक्रोलिटर, दिवसाला 6. थेंबाचा आठवा भागही नाही!

उंदराला भूल देऊन पाठीवर छोटी चीर घ्यायची, कातडीखाली जागा करून पंप सरकवायचा, टाके घालायचे. 112 सुयांऐवजी एक शस्त्रक्रिया.

पण या पंपाला बंद करायचे बटण नाही. मात्रा चुकली तर पुन्हा चीर. म्हणून सगळी काळजी आधी घ्यावी लागते. औषध शरीराच्या उष्णतेत महिनाभर टिकेल का, हे पाहायचे. भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर पंपाचे वजन करायचे, म्हणजे आत हवेचा बुडबुडा राहिला तर कळतो. मग तो 37 अंशांच्या सलाईनमध्ये सुमारे 40 तास ठेवायचा.

एकदा घाईत आमच्याकडून दुसरे वजन राहिले. महिनाअखेर त्या उंदराच्या रक्तातले औषधाचे प्रमाण इतरांशी जुळेना. नोंदवही उघडली, तर भरल्यानंतरच्या वजनाचा रकाना कोरा. त्याची नोंद वगळावी लागली. त्या जिवाने चीर सोसली, टाके सोसले, आणि आमच्या दोन मिनिटांच्या घाईपायी ते सारे फुकट गेले.

रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1959 मध्येच सांगून ठेवले आहे: प्राण्यांशिवाय भागत असेल तर भागवा, संख्या कमी ठेवा, वेदना कमी करा. पंपाने वेदना कमी होतात हे खरे, पण पंप भरणारा हात माणसाचाच असतो.

तेव्हापासून वजनाच्या रकान्यात दोघांच्या सह्या झाल्याशिवाय आमच्याकडे पंप शस्त्रक्रियेच्या टेबलावर जात नाही. बाप्पाच्या वाहनासाठी आमच्या हातून एवढे तरी घडावे, ही प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!