राबणं वेगळं, व्यायाम वेगळा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत प्रभाग समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कर्ज, परतफेड, बँक यावर बोलून झालंय. मला थोडा वेळ दिलाय तो दशसूत्रीतल्या आरोग्याच्या सूत्रासाठी. बचत किती झाली, परतफेड कुणाची राहिली, हे आपल्या वहीत पैशापैशाने लिहिलेलं असतं. आरोग्यापुढे मात्र बऱ्याच वह्यांत एकच ओळ सापडते, 'आरोग्यावर चर्चा झाली.' काय झाली चर्चा, असं विचारलं की सगळ्याजणी एकमेकींकडे बघून हसतात.

म्हणून आज एकच विषय घेते. व्यायाम. हसू नका. बैठकीत हा शब्द काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "आवं ताई, आमाला कशाला लागतो वं व्यायाम? पाटे चारला उठल्यापासून रातच्याला पाठ टेकूस्तोवर व्यायामच चालूय की आमचा." आणि दुसरी लगेच म्हणते, "त्यो शहरातल्या बायांचा धंदा, बसून खाणाऱ्यांचा."

यातलं अर्धं खरं आहे. तुम्ही कुणीच बसून खाणाऱ्या नाही. पण मग मला सांगा, एवढा व्यायाम रोज होतोय तर पस्तिशीतच कंबर का धरते? खुरपून उठताना दोन्ही हात गुडघ्यावर का टेकावे लागतात? शिंक आली की लुगडं का ओलं होतं? बघा, आता कुणी हसत नाही.

फरक कुठे आहे ते सांगते. कापूस वेचताना ओटी पोटाला बांधलेली, ती जशी भरत जाते तशी पुढे ओढते, आणि आपण कमरेत वाकून एक ओळ, दुसरी ओळ, असं दिवसभर. खुरपायला बसलो की उकिडवं. सोयाबीन सोंगायचं तरी वाकूनच. पाण्याचा हंडा डोक्यावर, म्हणजे सगळा भार मानेवर. या सगळ्या कामांत अंग एकाच बाजूला वापरलं जातं. पाठ पुढेच वाकते, मागे कधी जातच नाही. पुढचे स्नायू आखडतात, पाठीचे ताणून ताणून दमतात. त्यात काम थांबवायचं कधी हे आपल्या हातात नसतं, ते मुकादमाच्या नाहीतर मालकाच्या हातात. बैलाचंसुद्धा जू खांदा बदलून लावतात. आपण स्वतःचा खांदा कधी बदलतो?

व्यायाम म्हणजे खांदा बदलणं. जे अंग दिवसभर वाकलं त्याला उलट्या बाजूला नेणं, जे स्नायू वापरलेच नाहीत त्यांना कामाला लावणं, आणि दुखायच्या आत थांबणं. दमायला नव्हे, मोकळं व्हायला.

आता कुणी म्हणेल हे नवीन फॅड आहे. आपल्याच जिल्ह्यातलं घनसावंगी तालुक्यातलं जांब गाव घ्या. समर्थ रामदास १६०८ साली तिथे जन्मले. त्यांनी मारुतीची देवळं उभी केली, बळाची उपासना सांगितली. गावोगावी मारुतीचं देऊळ आणि शेजारी तालीम, ही आपली जुनी रीत. पण तालमीत गेलं कोण? पोरं. मारुतीच्या पारावर बाया बसत नाहीत, तर तालमीत कुठून जाणार? साताऱ्याकडच्या औंध संस्थानात मात्र शंभर वर्षांपूर्वी राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचं वेड घेतलं होतं. स्वतः रोज घालायचे, शाळांमधून सुरू केले, आणि त्यांच्या घरातल्या बायकाही घालायच्या. म्हणजे राणीला चालत होतं. आपल्याला चालायला काय हरकत आहे?

आणि खरं सांगू का, आपल्या आज्यांकडे व्यायाम होताच. त्याला नाव दुसरं होतं. पंचमीचा झोका उभ्यानं चढवायचा म्हणजे मांड्यांची ताकद लागते. फुगडी घालून बघा, दोन मिनिटांत छाती भात्यासारखी वरखाली होते. झिम्मा, पिंगा, बसफुगडी, यात वाकणं आहे, उड्या आहेत, तोल आहे, आणि हसणं आहे. आता मंगळागौरीचे खेळ स्टेजवर ठरलेल्या साडीत होतात आणि आपण खुर्चीत बसून मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढतो. मला ते काही फारसं पटत नाही. खेळ बघायचा नसतो, खेळायचा असतो. तेच योगदिनाचं. २०१५ पासून दर २१ जूनला आपण रांगेत उभ्या राहतो, हात वर, फोटो ग्रुपवर टाकला, झालं. २२ जूनला कोण हात वर करतं?

चतुर्थीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला कितीतरी बाया पायी जातात. पंचवीसेक किलोमीटर. तुमच्यातल्याही असतील. पायात ताकद आहे याचा याहून पुरावा कशाला हवा? पण महिनाभर वेगळं काही चालायचं नाही आणि एका रात्रीत एवढं अंतर, मग चार दिवस गुडघ्याला तेल. तेच चालणं वाटून घेतलं तर? जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला आठवड्यातून किमान १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही एवढा दम. आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. १५० मिनिटं ऐकून घाबरू नका, रोजची वीस-बावीस मिनिटं झाली. ती एकदम करायची गरज नाही, दहा-दहा मिनिटंही चालतात. शेतात जाताना पाय उचलून जोरात चाललात तर तेही धरा.

वीस मिनिटं आणायची कुठून, हा खरा प्रश्न. सरकारने २०१९ साली देशभर पाहणी केली, कोण कशात किती वेळ घालवतं याची. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात, म्हणजे पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. आणि हे बिनपगारी घरकाम, शेतातलं वेगळं. म्हणून मी कुणालाच 'वेळ काढा' असं म्हणणार नाही. वेळ मागून घ्यावा लागतो. लेकाला सांगा, एक घागर तू आण. नवऱ्याला सांगा, चहा तुम्ही ठेवा, तोवर मी अंगणात आहे. पहिल्या दिवशी चहा कडू होईल. होऊ द्या.

आता लाजेचं बोलते. "लोक काय म्हणतील" याच्यावर माझ्याकडे एकच नाव आहे, लताबाई भगवान करे. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मूळच्या, मजुरीसाठी बारामतीकडे गेलेल्या. साठीच्या घरात असताना बारामतीच्या शरद मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. एकदा नाही, पुढेही जिंकल्या. का धावल्या? नवरा आजारी होता, तपासणीला पैसे नव्हते आणि स्पर्धेला बक्षीस होतं. त्यांच्यावर २०२० साली सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. ही गोष्ट लोक टाळ्या घेण्यासाठी सांगतात. मला ती सांगताना दरवेळी राग येतो, की त्या वयाच्या बाईला तपासणीच्या पैशासाठी पळावं लागलं. पण पाय बघा तिचे. मजुरीनं कमावलेले. लुगडं आड आलं नाही, वय आड आलं नाही.

माझं विचाराल तर मला दोरीच्या उड्या आवडतात. दिवसभर स्कूटीवर या गावातून त्या गावात, रस्ते तुम्हाला माहीतच आहेत, पाठीची पार चाळणी होते. संध्याकाळी खोलीवर आले की गच्चीवर शंभर उड्या. दोर वीस-तीस रुपयांचा. घरमालकीण काकू आधी वरून काय दणदण चाललंय म्हणून ओरडल्या, आता त्यांची नात माझ्याबरोबर मोजते. तुम्ही लगेच उड्या मारू नका हं. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना खाली ओढल्यासारखं वाटतं, त्यांच्यासाठी उड्या नाहीत.

आणि आता जे बोलायचं म्हणून मी खरं आले ते. माईक जरा खाली घेते. भाऊ लोक चहाला गेलेत, बरं झालं.

अंग बाहेर येणं, खोकताना लघवी सुटणं, हे आपल्यात किती जणींना आहे, हात वर करायला मी सांगत नाही. बाळंतपणानंतर लगेच हंडा, लगेच शेत, यानं ओटीपोटाखालची स्नायूंची झोळी सैल पडते. मग कुणी सांगतं, पिशवी काढून टाका, कटकट जाईल. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. ऊसतोडीला आपल्याही गावांतून जोड्या जातात. काही वेळा ऑपरेशन खरंच लागतं, ते मी नाकारत नाही. पण पिशवीबरोबर बीजांडंही काढली तर वयाआधीच हाडं ठिसूळ व्हायला लागतात. म्हणून पैसे उसने घेण्याआधी, समूहातून कर्ज काढण्याआधी, सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा आणि विचारा, याला दुसरा उपाय आहे का?

झोळी सैल पडण्याच्या सुरुवातीला एक उपाय फुकट आहे. लघवी आणि वारा अडवताना आपण जे आत आवळतो, तेच आवळायचं. पोट नाही, मांड्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. पाच आकडे म्हणेपर्यंत धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. निजून, बसून, बसस्टँडवर उभं राहून, कुणाला कळतसुद्धा नाही. फक्त लघवीला बसल्यावर मध्येच अडवून रोज करू नका. तीन महिने चिकाटीनं केलं तर पुष्कळ बायकांचं लघवी सुटणं कमी होतं. अंग पार बाहेर आलं असेल तर मात्र डॉक्टरकडेच जायचं, लपवायचं नाही.

कमरेसाठी एवढंच लक्षात ठेवा. ओळीच्या टोकाला गेलात की ओटी सोडा, दोन्ही हात कमरेवर, पोट पुढे, हळूच मागे वाका. पाच वेळा. घरी रात्री गोधडीवर पाठीवर निजून गुडघे वर घ्या, पाय जमिनीला टेकलेले, आणि कंबर उचला, थांबा, ठेवा. दहा वेळा. ताकदीसाठी बाजेवरून हात न टेकता उठा-बसा, भिंतीला हात लावून दंड, नळावर नंबर लागेपर्यंत टाचा वर-खाली. पैसा लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत.

एक तपासणी मात्र आधी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. चार पायऱ्या चढून धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यांनी व्यायाम वाढवण्याआधी उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. बारापेक्षा कमी असेल तर लोहाची गोळी, आणि ती चहाबरोबर नाही. लिंबू नाहीतर मोसंबी बरोबर घ्या, लोह चांगलं लागू पडतं. जालन्याची मोसंबी गाड्या भरभरून बाहेर जाते, एखादी घरातही राहू द्या. छातीत दुखणाऱ्या, बीपीच्या, गरोदर बायांनी आशाताईला, नर्सबाईंना विचारूनच सुरू करायचं.

पुढच्या महिन्यापासून माझी मागणी साधी आहे. बैठक सुरू झाली की वही उघडायच्या आधी दहा मिनिटं. सचिवताईंनी हजेरीखाली लिहायचं, आज काय केलं, किती जणींनी केलं. 'चर्चा झाली' लिहिलेलं मी सही करणार नाही. तीन महिन्यांनी विचारू, कुणाची कंबर हलकी झाली, कुणाची नाही.

जेवणाची पानं मांडताहेत असं दिसतंय. त्याआधी पाच मिनिटं आहेत. चला, उठा सगळ्याजणी. आज्यांनी खुर्चीला धरा. पदर खोचा, पिशव्या खाली ठेवा, हात कमरेवर, आणि हळूच मागे. माझ्याबरोबर मोजा. एक...