भावाचा वेग आणि वेगातला बदल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शेअरबाजार म्हटले की पूर्वी मुंबईचा दलाल स्ट्रीट आठवायचा. आता जालन्याच्या मोंढ्यात आणि स्टील कारखान्यांच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवरही तरुण मंडळी मोबाईलवर 'कॉल' आणि 'पुट'चे भाव पाहताना दिसतात. मला ती हमखास एकच प्रश्न विचारतात, "सर, बाजार वर जाणार की खाली?" याचे उत्तर कोणालाच खात्रीने देता येत नाही. पण दुसरा एक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मिळू शकते. बाजार हलला तर माझा नफा-तोटा किती वेगाने हलेल? या वेगाला डेल्टा म्हणतात आणि तो वेग ज्या प्रमाणात बदलतो त्याला गॅमा. ही दोन्ही ग्रीक अक्षरे आपण आपल्याच बागेत उभे राहून समजून घेऊ.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. व्यापारी झाडावरचा माल पाहून बाग ठरवतो आणि इसार देतो. समजा, तोडीच्या दिवशी टनाला २०,००० रुपये द्यायचे ठरले आणि टनामागे १,००० रुपये आगाऊ दिले. आणखी असे समजा, की त्या दिवशी माल न घेण्याची मोकळीक व्यापाऱ्याला आहे, मात्र हजार रुपये परत मिळायचे नाहीत. खऱ्या इसारात अशी मोकळीक गृहीत धरता येत नाही. ऑप्शनमध्ये मात्र पैसे मोजून तीच विकत घेतलेली असते. अशी चिठ्ठी म्हणजे कॉल आणि ते हजार रुपये म्हणजे प्रीमियम. ठरल्या भावाने विकण्याचा हक्क घेतला, तर तो पुट.

आता बाजारात मोसंबी टनामागे १०० रुपयांनी चढली. चिठ्ठीची किंमत कितीने वाढेल? तोडीला दोन महिने आहेत आणि भाव २०,००० च्या आसपास आहे, तर साधारण ५० रुपयांनी. कारण तोवर भाव पुन्हा उतरूही शकतो. म्हणजे डेल्टा अर्धा. भाव २८,००० वर असता तर चिठ्ठी जवळजवळ मालाइतकीच हलली असती, डेल्टा एकाजवळ. १२,००० वर असता तर चिठ्ठीला कोणी विचारलेही नसते, डेल्टा शून्याजवळ. पुटचा डेल्टा उणे असतो, कारण भाव चढला की पुट स्वस्त होतो.

आता तोडीची सकाळ उजाडली. सौदा तासाभरात मिटायचा आहे. भाव १९,८०० असेल तर चिठ्ठी जवळपास रद्दी. २०,२०० झाला तर तीच चिठ्ठी मालाबरोबर रुपयाला रुपया हलणार. दोन महिन्यांपूर्वी या ४०० रुपयांच्या फरकाने डेल्टा जेमतेम हलला असता. आज तो शून्याजवळून एकाजवळ गेला. हाच गॅमा. मुदत जवळ आली आणि बाजारभाव ठरलेल्या भावाजवळ असला, की तो सर्वांत मोठा असतो.

असे सौदे आपल्याला नवे नाहीत. मुंबईच्या कापूस बाजारात ते 'तेजी-मंदी' या नावाने चालत. १९५२ च्या कायद्याने मालावरच्या आणि १९५६ च्या कायद्याने रोख्यांवरच्या ऑप्शनना बंदी आली. रोख्यांवरची बंदी १९९५ मध्ये उठली. २००१ च्या जून-जुलैत राष्ट्रीय शेअरबाजारात आधी निर्देशांकाचे आणि मग शेअरचे ऑप्शन सुरू झाले. त्यांच्या किमतीचा हिशेब ज्या सूत्रावर उभा आहे, ते फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ मध्ये मांडले.

त्या सूत्राने एक हिशेब करू. शेअर १,००० रुपयांवर आहे आणि कॉलचा ठरलेला भावही १,०००. वर्षाचा चढउतार ३० टक्के धरू, व्याज सोडून देऊ. मुदतीला महिना असेल तर कॉल सुमारे ३५ रुपयांना पडेल. शेअर २० रुपयांनी चढला तर तो ४६ च्या आसपास जाईल आणि डेल्टा अर्ध्यावरून ०.६ होईल. मुदतीला एकच दिवस उरला असेल तर तोच कॉल साडेसात रुपयांना मिळेल. तेवढ्याच २० रुपयांच्या चढाने तो २१ च्या वर जाईल आणि डेल्टा ०.८५ होईल. शेअर २० रुपयांनी उतरला तर हाती दीड रुपयाही राहणार नाही. शेअर दोनच टक्के हलला, पण एका बाजूला पैसे जवळपास तिप्पट झाले आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक सगळे बुडाले.

विकणाऱ्याचे काय? "शेवटच्या दिवशी विकून ठेवायचा, साडेसात रुपये खिशात," असा हिशेब सर्रास ऐकू येतो. मुदत सरत जाते तसा प्रीमियम झिजतो, हे खरे. त्या झिजेची किंमत विकणारा गॅमाच्या रूपाने मोजतो. ५०० शेअरचा कॉल विकणाऱ्याने २५० शेअर जवळ ठेवले, तर लहान हालचालीत त्याची फिटंफाट होते. पण डेल्टा ०.८५ झाला की त्याला ४२५ शेअर लागतात. म्हणजे १७५ शेअर चढ्या भावात घ्यायचे आणि भाव परतला की पडत्या भावात विकायचे. महाग घेणे आणि स्वस्त विकणे, हाच गॅमाचा खर्च. ज्याने जवळ काहीच ठेवले नाही, त्याचा तोटा दर रुपयाला वाढत्या वेगाने वाढतो. शिवाय ऑक्टोबर २०१९ पासून शेअरच्या ऑप्शनमध्ये मुदतीअखेर प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात, तेव्हा तेवढी रक्कमही हाताशी हवी.

हे सारे सांगण्याचे कारण 'सेबी'च्या आकड्यांत आहे. सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन करणाऱ्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जण तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. यांतले ७२ टक्क्यांहून जास्त लोक देशातल्या पहिल्या ३० शहरांबाहेरचे, म्हणजे आपल्यासारख्या गावांतले. २०२४-२५ मध्येही ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले. डेल्टा-गॅमा शिकल्याने कोणी या गर्दीतून आपोआप बाहेर पडेल, असे मी म्हणणार नाही. पण आपण कशावर पैसे लावतो आहोत, हे तरी कळेल.

तरुण मित्रांनो, सौदा करण्याआधी कागदावर दोन ओळी लिहा. आज भाव एका टक्क्याने विरुद्ध गेला तर माझे किती रुपये जातील? मुदतीच्या दिवशी तेवढाच गेला तर किती जातील? ब्रोकरच्या पडद्यावर डेल्टा आणि गॅमा बहुधा दिलेले असतात, त्यांना तुमच्या शेअरच्या संख्येने गुणले की हिशेबाची सुरुवात होते. दुसऱ्या ओळीतली रक्कम बियाण्याच्या, फीच्या किंवा घरखर्चाच्या पैशांतून जाणार असेल, तर तो सौदा करू नका.