तान्हें मूल आणि विमानांतील जागा



नांदेड व लातूर येथील सुशिक्षित घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशीं नोकरीस असणें ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें, ही आपली जुनी चाल. ती पाळण्यासाठीं लेक अमेरिकेहून नांदेडास येते. बारसें थाटानें होतें. आणि बाळ चार-पांच महिन्यांचें झालें कीं परत निघण्याची घटका येऊन ठेपते. त्या वेळीं घरांतील वडील मंडळी टोपडें, बाळगुटी, डिंकाचे लाडू यांची तयारी मोठ्या कसोशीनें करितात. परंतु बाळ विमानांत निजणार कोठें, हा प्रश्न बहुधा विमानतळावर गेल्यावरच सुचतो. आणि तोंवर उशीर झालेला असतो.

८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून लंडनास निघालें, तेव्हां त्यांत अवघे ३५ उतारू होते. आज एका मोठ्या विमानांत तीनशेंहून अधिक माणसें बसतात, आणि त्यांतील चांगल्या जागा कित्येक दिवस आधींच कोणाच्या तरी नांवें लागलेल्या असतात. म्हणून विचार करावयाचा तो तिकीट काढतांनाच करावा.

मोठ्या विमानांत प्रत्येक दालनाच्या आरंभीं एक आडवी भिंत असते. तिला अडकविण्याजोगा लहानसा पाळणा बहुतेक कंपन्या देतात. हे पाळणे मोजकेच असतात. तेव्हां तिकीट हातीं येतांच कंपनीस कळवून पाळण्याची मागणी नोंदवावी, व निघण्यापूर्वीं दोन दिवस ती पुन्हां पडताळून पाहावी. पाळण्यास वजनाची मर्यादा असते. कोठें ती दहा-अकरा किलोंची, तर कोठें थोडी अधिक. तिकीट काढण्याच्या दिवशीं बाळाचें वजन किती, हें येथें महत्त्वाचें नव्हे. निघण्याच्या दिवशीं तें किती असेल, हें पाहिलें पाहिजे.

या पुढच्या जागेंत पाय पसरावयास ऐसपैस मिळतें. तथापि तिचे दोषही ध्यानांत घ्यावेत. समोर खुर्ची नसल्यामुळें दुपट्यांची पिशवी पायाशीं ठेवतां येत नाहीं. विमान चढतां-उतरतांना ती वरच्या कप्प्यांत जाते. खुर्च्यांच्या मधले हात बहुधा वर उचलत नाहींत. शिवाय विमान उडतांना, उतरतांना, आणि हवेच्या धक्क्यांमुळें पट्टे बांधण्याचा दिवा लागला म्हणजे, निजलेलें बाळ पाळण्यांतून उचलून मांडीवर घ्यावें लागतें. आखातांतून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचा टप्पा सुमारें चौदा तासांचा. तेवढ्या वेळांत हा दिवा किती वेळां लागेल, हें कोणीच सांगूं शकत नाहीं. पाळणा म्हणजे आईच्या हातांना मिळालेली विश्रांति होय. अखंड झोपेची हमी नव्हे.

पाळणा न मिळाल्यास एकानें खिडकीजवळची व दुसऱ्यानें वाटेकडची जागा घ्यावी. खिडकीशीं आईस आडोशानें अंगावर पाजतां येतें. वाटेकडील माणसास बाळ घेऊन फेऱ्या घालतां येतात. संकटकाळीं बाहेर पडण्याच्या दारापाशीं तान्ह्या मुलास बसूं देत नाहींत. कधीं कधीं एकाच रांगेंत दोन तान्हीं मुलें बसविण्यासही नकार मिळतो. हा कर्मचाऱ्यांचा हट्ट नव्हे. वरून खालीं येणारे प्राणवायूचे मुखवटे सामान्यतः जागांच्या संख्येहून एकानेंच अधिक असतात. दुसऱ्या बाळास मुखवटा आणावयाचा कोठून? विमान खालीं येऊं लागलें कीं बाळास पाजावें. गिळण्यानें कानांचे दडे सुटतात. त्यानें झोपावें म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून औषध मात्र कधींही देऊं नये.

आतां मुख्य मुद्दा. दोन वर्षांखालील मुलास मांडीवर नेल्यास परदेशच्या प्रवासांत मोठ्यांच्या भाड्याचा सुमारें दहावा हिस्सा पडतो. म्हणून स्वतंत्र जागा घेण्याचा विचार कोणाच्या मनांत येत नाहीं. १९ जुलै १९८९ रोजीं अमेरिकेंतील सू सिटी येथें एक मोठें विमान उतरतांना कोसळलें. त्यांत मांडीवरचीं चार बालकें होतीं. त्यांना पायाशीं जमिनीवर ठेवण्यास सांगण्यांत आलें. त्या काळची शिकवणच तशी होती. त्यांतील एक बालक दगावलें. मातेचे हात कितीही प्रेमाचे असले तरी तशा धक्क्यापुढें ते टिकत नाहींत. म्हणूनच विमानास मान्य असलेल्या बालखुर्चींत, स्वतंत्र जागेवर मुलास बांधावें, असा सल्ला अमेरिकेचें विमानखातें देतें.

परंतु त्याच खात्यानें २००५ सालीं याची सक्ती करण्याचें नाकारलें, आणि त्याचें कारण मननीय आहे. तिकीट महागलें तर कित्येक कुटुंबें मोटारीनें जातील, आणि रस्ता हा विमानाहून अधिक धोक्याचा.

येथें नांदेड-लातूरच्या मंडळींनीं क्षणभर थांबावें. नांदेडास विमानतळ आहे, पण समुद्रापलीकडचें विमान तेथून सुटत नाहीं. मग भाड्याची मोटार ठरते. पांच-सहा तासांची हैदराबादची वाट, बहुधा रात्रीची. आणि पुढच्या जागेवर आजीच्या मांडीवर बाळ! विमानांतल्या जागेची चिंता करणारें घर या जागेचा विचारच करीत नाहीं. २०१९ च्या सुधारित मोटार कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्यानें किंवा बालखुर्चीनें बांधणें आवश्यक केलें आहे. तान्ह्या मुलाची खुर्ची मोटारीच्या मागील बाजूस, बाळाचें तोंड मागें येईल अशी बसवावी. विमानास चालणारी खुर्ची घेतल्यास तीच नांदेडच्या दारापासून परदेशच्या घरापर्यंत उपयोगी पडते. मुंबईहून जावयाचें असेल, तर आगगाडीची रात्र व आईसाठीं खालचा बाक हा मार्ग अधिक सुखाचा.

तात्पर्य, बाळाच्या जागेची योजना विमानाच्या दारांत सुरू होत नाहीं. ती घराच्या उंबरठ्यावर सुरू होते. लेकीची ओटी भरतांना वडीलधाऱ्यांनीं बाळ पहिल्या मैलापासून कोठें बसणार, एवढें विचारलें, तरी निरोपाच्या आशीर्वादास कृतीची जोड मिळेल.