शेवटची चार पानं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘रहस्यकथेतली उत्कंठा’ या विषयावर पाच मिनिटं दिली आहेत. हा विषय आपण बाकाखालीच शिकलो. वर भूगोल, खाली बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार नाहीतर काळा पहाड!

पुढे लेखकांच्या युक्त्या कळू लागल्या. होम्सच्या बहुतेक कथा डॉ. वॉटसन सांगतो. होम्सला दिसतं ते त्यालाही दिसतं, पण अर्थ लागत नाही. म्हणून आपणही त्याच्याबरोबर चाचपडतो. दुसरी युक्ती खोट्या मागाची. एक माणूस असा रंगवायचा की सगळ्यांची बोटं त्याच्याकडेच वळावीत. तिसरी, न घडलेली गोष्ट. १८९२ च्या ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये रात्री तबेल्यातून घोडा नेला जातो, पण कुत्रा भुंकत नाही. म्हणजे नेणारा ओळखीचा! आणि चौथी, अगाथा ख्रिस्तीने १९२६ साली ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’मध्ये वापरलेली: ज्याच्यावर विसंबून आपण वाचतो, तो सांगणाराच काही गाळतो.

आता आपल्या वर्गातलं रहस्य. नववीत ग्रंथालयातल्या एका रहस्यकथेची शेवटची चार पानं फाटलेली निघाली. पुस्तक ज्याच्या नावावर होतं, त्याला वर्गाबाहेर उभं केलं, दंडही घेतला. त्याच्या घरी तेव्हा ते पैसे सहज निघणारे नव्हते. माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची, बाईंचा माझ्यावर विश्वास होता. कुत्रा भुंकणार कशाला?

पानं मी फाडली होती. पुस्तक त्याला द्यायचा दिवस आला आणि माझा शेवट वाचायचा राहिला होता. उद्या डिंकाने चिकटवू म्हटलं. तेवढ्यात बोभाटा झाला आणि माझी जीभ उचललीच नाही.

काल रात्री त्याला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, “मला तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्याच दिवशी तू बाईंना किल्ली परत केलीस.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबलो.”

तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. मित्रा, तुला शिक्षा चारचौघांत झाली, म्हणून माफीही चारचौघांत मागतो. बाई, तुमचीही.