श्वानदंश : बालकाचा हक्क आणि शिक्षकाची नोंद



मधल्या सुट्टीत शाळेच्या आवारात खिचडीचे उष्टे सांडते, त्यावर गावातील दोनचार कुत्री येतात, आणि तिसरीतील एखाद्या मुलाच्या पोटरीस दात लागतो. मूल रडत गुरुजींकडे येईलच असे नाही. कुत्र्यास खडा मारल्याबद्दल बोलणी बसतील या भीतीने ते पायास फडके गुंडाळून वर्गात निमूट बसते. चार दिवसांनी घरी कळते. तोवर उपचाराचे मोलाचे दिवस गेलेले असतात आणि कोणत्या कुत्र्याने, कोठे, केव्हा चावा घेतला हे नक्की सांगणाराही कोणी उरत नाही. मुलाचे प्राण आणि त्याचा भरपाईचा हक्क ही दोन्ही अशा रीतीने एकाच मौनामुळे धोक्यात येतात.

प्रथम प्राणांचा विचार. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने घड्याळ लावून १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद, तेल वा झाडपाला लावू नये. घट्ट पट्टीही बांधू नये. नंतर त्याच दिवशी मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तेथे पहिली मात्रा दिल्यावर, लस स्नायूत टोचावयाची असल्यास ३, ७, १४ व २८ दिवसांनी आणि कातडीत टोचावयाची असल्यास ३, ७ व २८ दिवसांनी पुढील मात्रा देतात. दात रुतून रक्त आले असेल, तर जखमेत व तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिन हे रसायनही द्यावे लागते. पोटातील चौदा सुयांची धास्ती अद्याप काही घरांत आहे. पण त्या जुन्या लसीचे उत्पादन भारतात २००४ अखेर बंद झाले. दि. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली लस टोचली गेलेला जोसेफ माइस्टर हा मुलगा नऊ वर्षांचाच होता, आणि तो वाचला. उलट, रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून मंत्र, उतारा वा गंडा यांत एक दिवसही घालवू नये.

कुत्रे ओळखीचे असल्यास त्यावर १० दिवस लक्ष ठेवावे. ते आजारी पडते की मरते, हे डॉक्टरांस कळवावे. मात्र त्यासाठी लस थांबवू नये, व रागाच्या भरात कुत्र्यास ठारही मारू नये.

आता हक्काचा विचार. कुत्रे पाळीव असेल आणि त्यापासून इजा होऊ नये म्हणून मालकाने पुरेशी काळजी घेतली नसेल, तर तो गुन्हा होतो. दि. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. दंड सरकारजमा होतो. न्यायालयाने तसा आदेश दिल्याखेरीज त्यातील पैसा मुलाच्या हाती येत नाही. औषधोपचाराचा खर्च, पालकाची बुडालेली मजुरी आणि मुलास झालेला त्रास यांची भरपाई हवी असल्यास दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो. मूल अज्ञान असल्याने तो दावा पालकामार्फत दाखल होतो.

कुत्रे बेवारशी असेल तर प्रश्न अधिक अवघड होतो. पण वाट अगदीच बंद नाही. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा भरपाईची प्राथमिक जबाबदारी राज्यावर ठेवली. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये, आणि मांस निघाले असल्यास जखमेच्या प्रत्येक ०.२ सेंटिमीटरमागे किमान २०,००० रुपये, असे प्रमाणही त्याने घालून दिले. केरळमध्ये २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने असे दावे तपासण्यासाठी न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली. हे निर्णय त्या त्या प्रांतापुरते आहेत. महाराष्ट्रातील पालकास आपोआप तेवढी रक्कम मिळणार नाही. तरी ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करताना आणि पुढे न्यायालयात जाताना त्यांतील तत्त्वाचा आधार घेता येतो. वकिलाच्या खर्चाची चिंताही पालकाने करू नये. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यान्वये बालकास उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसाहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधिसेवा समितीकडे अर्ज करावा.

परंतु या सर्व वाटा एकाच उंबरठ्यावरून जातात, आणि तो म्हणजे पुरावा. शाळेतील घटनेबाबत तो शिक्षकाइतक्या सहजपणे दुसरा कोणी राखू शकत नाही. घटनेच्या दिवशीच शाळेच्या नोंदवहीत तारीख, वेळ, जागा, जखम कोठे व केवढी, कुत्र्याचा रंग, मालक असल्यास त्याचे नाव आणि पाहणाऱ्यांची नावे लिहावी. जखमेचे छायाचित्र काढावे. आरोग्य केंद्राचा केसपेपर, लसीचे कार्ड आणि औषधांच्या व प्रवासाच्या पावत्या जपून ठेवण्यास पालकास सांगावे. ग्रामपंचायतीस वा पोलिसांस अर्ज देताना दोन प्रती कराव्या आणि एकीवर पोच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. पोच घेतलेला कागद मात्र वर्षानेही बोलतो.

बैल गेला आणि झोपा केला, असे होऊ नये म्हणून आधीच करावयाची कामेही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने दि. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळांच्या आवारांस कुंपण घालण्यास, तेथील भटकी कुत्री हलविण्यास आणि मुलांस प्राण्यांशी कसे वागावे व चावल्यास प्रथमोपचार काय करावा याची माहिती देण्यास फर्मावले. कुंपण हा पंचायतीच्या कामाचा भाग आहे; त्यासाठी मुख्याध्यापकांनी लेखी मागणी करावी. उष्टे झाकणाच्या डब्यात टाकणे आणि जेवण होताच आवार झाडणे ही कामे मात्र शाळेस आजपासून करता येतील. झोपलेल्या, खात असलेल्या वा पिलांजवळ बसलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये, कुत्रे अंगावर आल्यास पळत सुटू नये, हे परिपाठाच्या वेळी चार वाक्यांत सांगता येते.

त्या परिपाठात आणखी एक वाक्य असावे : कुत्रे चावले, नखाने ओरबाडले वा जखमेस चाटले, तरी लगेच सांगा, कोणी रागावणार नाही. हे वचन शिक्षकाने पाळले, तर मूल फडके न गुंडाळता धावत त्याच्याकडे येईल. मग नळ, आरोग्य केंद्र आणि नोंदवही या तिन्ही गोष्टी वेळेवर होतील.